बाहेरच्या भिंतीला नवा पत्रा मारताय? मग आधी दिव्याच्या वायरीकडे बघा

पाऊस तोंडावर आलाय. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात मे महिन्यात गावागावांत एकच काम चालू असतं. पश्चिमेकडच्या भिंतीला झडीपासून वाचवायचं. पूर्वी गवताच्या ताट्या बांधायचे, मग प्लास्टिकचा कागद आला, आता सरळ रंगीत पत्रा मारतात. ज्याच्या हातात चार पैसे जास्त आहेत तो पीव्हीसी पॅनल किंवा टाइल्स लावतो. काम दोन दिवसांत होतं, घर नवं दिसायला लागतं, भिंतीची ओल थांबते. चांगलंच आहे.

पण त्याच भिंतीवर दाराशेजारी एक दिवा असतो. पत्रेवाला येतो, दिवा खोलतो, वायरीची दोन टोकं टेपात गुंडाळून सोडून देतो. पत्रा बसला की ग्राइंडरनं एक भोक पाडतो, वायर बाहेर ओढतो आणि तोच जुना होल्डर दोन स्क्रूवर पत्र्यालाच ठोकून देतो. संध्याकाळी बटण दाबलं, दिवा लागला, झालं काम. पैसे देऊन मोकळे.

खरी गडबड जुलैत कळते.

पत्रा म्हणजे भिंत नव्हे

विटांच्या किंवा दगडमातीच्या भिंतीवरची वायर थोडी उघडी पडली, तर तेवढ्या जागेपुरता धोका असतो. पत्रा मात्र अख्खाच्या अख्खा लोखंडाचा. वायर कुठल्याही एका टोकाला पत्र्याला टेकली, की वीस फूट लांबीच्या पूर्ण भिंतीत करंट उतरतो. त्या भिंतीला कुणी सायकल टेकवतं, कुणी पाटी टेकवतं, पोरं हात लावून पळतात, म्हैस अंग घासते. त्यात पावसाचे दिवस, अंगणात चिखल, पायात चप्पल नाही.

आमच्याच नात्यातल्या एका घरात हे झालंय. पत्रा मारून दोन महिने झाले होते. काकू धुणं वाळत घालताना म्हणाल्या, "तारेला हात लावला की मुंग्या येतात गं." सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. ती कपड्याची तार पत्र्याच्या हुकाला बांधली होती. चार दिवसांनी कुत्रं पत्र्याला घासून केकाटत पळालं, तेव्हा कुठं वायरमनला बोलावलं. पत्रा खोलला तर काय, पत्रा बसवताना मारलेला एक स्क्रू थेट आतल्या वायरीच्या प्लास्टिकमधून घुसला होता. उन्हाळ्यात सगळं कोरडं असताना काही जाणवलं नव्हतं. काकू वाचल्या, कारण तेव्हा पायात रबरी चप्पल होती आणि तार नुसती बोटाला लागली होती.

तेव्हा पत्र्याला, नळाला, कपड्याच्या तारेला हात लावल्यावर कधीही झिणझिण झाली, तर ती चेष्टा समजू नका. त्याच क्षणी मेन स्विच बंद.

"एमसीबी आहे की आमच्याकडं"

हे वाक्य दहातले आठ जण म्हणतात. म्हणून जरा हिशोब बघा.

बाहेरच्या दिव्याला आपण ९ वॉटचा एलईडी बल्ब लावतो. आपल्याकडं वीज २३० व्होल्टची. या बल्बला करंट लागतो साधारण ४० मिलिअँपिअर, काही बल्बांना थोडा जास्त. माणसाच्या छातीतून एवढा करंट काही क्षण गेला तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. आणि दिव्याच्या लाइनवरचा एमसीबी असतो ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस मरू नये म्हणून नाही. तुमच्या अंगातून जीवघेणा करंट जात असतो आणि एमसीबीला वाटतं, कुणीतरी आणखी एक बल्ब लावला.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. गावात तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. घरात गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. घेताना ३० मिलिअँपिअरचीच घ्या, त्यावर ३० एमए असं लिहिलेलं असतं. १०० किंवा ३०० चीही मिळते, ती माणसाच्या उपयोगाची नाही. पत्र्याला जेवढे पैसे घातले त्याच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. माझं मत विचाराल तर भिंतीला पत्रा मारायचा ठरवला असेल तर आधी ही बसवा, मग पत्रा. पैसे कमी पडत असतील तर पत्रा पुढच्या वर्षी मारा.

एक तक्रार नेहमी येते. "बसवली होती, पण पावसाळ्यात सारखी पडायची, म्हणून वायरमननं काढून टाकली." अहो, ती सारखी पडते म्हणजे कुठंतरी ओलीतून करंट जमिनीत जातोय, हेच ती सांगत असते. बहुतेक वेळा तो दोष बाहेरच्याच दिव्यात, गोठ्यातल्या बोर्डात किंवा मोटरीच्या वायरीत सापडतो. दुसरं कारण म्हणजे दोन भावांच्या घरांत मिळून एकच न्यूट्रल ओढलेला असतो. तोही दोषच, तो वेगळा करून घ्यावा लागतो. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकदम हातात धरल्या, तर आरसीसीबीलाही काही कळत नाही.

तिच्यावर टी लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. लाइन गेली तर मशीन ठीक. नाही गेली तर बदला.

पत्रा लावण्याआधीचा दिवस

खरं काम इथंच आहे. आपल्याकडं काय होतं, वायरमनला बोलावतात पत्रा बसून झाल्यावर. तोवर वायर कुठून गेली, जोड कुठं आहे, सगळं पत्र्याआड गेलेलं असतं. वायरमन दोनदा आला पाहिजे. एकदा पत्र्याच्या आधी, एकदा नंतर. दोन खेपांची मजुरी जास्त जाईल, जाऊ द्या.

दिवा खोलण्याआधी नुसतं त्याचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कित्येक ठिकाणी बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण बंद, दिवा बंद, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच. म्हणून मेन स्विच खाली ओढायचा. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा. हे लोक हमखास विसरतात. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवरचा दिवा चालूच राहतो, आणि बाहेरचा दिवा तर बहुतेकांनी मुद्दाम इन्व्हर्टरवर घेतलेला असतो. वाटणी झालेल्या घरात आणखी एक भानगड असते. भिंत तुमची, पण त्यावरचा दिवा भावाच्या मीटरवर. तेव्हा दोन्हीकडचे मेन बंद करा.

मग टेस्टर. तोही आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये घालून बघायचा, पेटतोय ना, आणि मग वायरीला लावायचा. टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन नाहीच, असं समजू नका. पायात जाड रबरी चप्पल घालून कोरड्या स्टुलावर उभं असलं तर जिवंत वायरीवरही टेस्टर नीट पेटत नाही, कारण त्याचा करंट आपल्या अंगातूनच जमिनीत जात असतो.

आता मोबाईल काढा. भिंत झाकायच्या आधी तिचे फोटो घ्या. वायर जिथून जाते तिथं खडूनं जाड रेघ ओढा, दारापासून किती फूट आणि जोत्यापासून किती फूट हे टेप धरून भिंतीवरच लिहा आणि मग फोटो काढा. हाच फोटो पत्रेवाल्याला दाखवून सांगायचं, या रेघेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागेत स्क्रू मारायचा नाही. पत्रेवाला वाईट माणूस नसतो, त्याला आतलं दिसत नाही एवढंच.

दिवा पत्र्याला नाही, भिंतीला धरला पाहिजे

पत्रा पातळ असतो आणि त्याला उंच-सखल पन्हळी असतात. दिव्याची बैठक सपाट. ती पन्हळीवर ठेवली की दोन बाजूंना फटी राहतात, आणि त्यातून झडीचं पाणी थेट दिव्याच्या पाठीमागं, म्हणजे जिथं वायरी जोडलेल्या असतात तिथंच जातं. शिवाय वाऱ्यानं पत्रा थरथरतो. त्यावर लटकलेला दिवा वर्षभर हलत राहतो, स्क्रूची भोकं मोठी होतात, वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहते. ग्राइंडरनं कापलेली ती धार म्हणजे सुरीच.

यावर उपाय सुताराकडचा आहे. भिंत आणि पत्रा यांच्यात लोखंडी पाइपाची किंवा लाकडाची चौकट असते, तिच्याएवढ्याच जाडीचा सागवानाचा किंवा चांगल्या जुन्या लाकडाचा ठोकळा घ्यायचा. दिव्याच्या बैठकीपेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठा. तो आधी भिंतीला गिट्टी आणि लांब स्क्रूनं पक्का बसवायचा. ठोकळ्याच्या मध्यातून वायरीसाठी भोक, आणि त्या भोकाला बाहेरच्या बाजूनं थोडा उतार, म्हणजे चुकून पाणी गेलंच तर ते बाहेर येईल, आत भिंतीत जाणार नाही. लाकडाला आधी वॉर्निश किंवा ऑइलपेंटचे दोन हात मारून घ्या, कापलेल्या कडांनाही.

मग त्यावरून पत्रा बसतो. पत्र्याचं भोक वायरीपेक्षा मोठं ठेवायचं, कडा कानसीनं घासायच्या आणि त्यात रबराचा ग्रोमेट घालायचा. ग्रोमेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नाहीच मिळाला तर पीव्हीसी पाइपाचा दोन इंचाचा तुकडा भोकातून आरपार घाला आणि वायर त्यातून काढा. वायर कुठंही नुसत्या पत्र्याला टेकता कामा नये.

बाहेरून बैठक सपाट करायला पीव्हीसीची गोल किंवा चौकोनी पेटी लावायची आणि तिचे स्क्रू पत्र्यातून जाऊन आतल्या लाकडी ठोकळ्यात बसले पाहिजेत. एवढं केलं की दिव्याचं वजन भिंतीवर जातं, पत्र्यावर नाही. पत्रा थरथरला तरी दिवा हलत नाही. शक्य असेल तर ती पेटी दोन पन्हळींच्या मधल्या सपाट पट्टीवर येईल अशी जागा आधीच धरा. यासाठी दिवा चार बोटं डावी-उजवीकडं सरकला तरी चालेल.

जोड कुठं ठेवायचा

एकच नियम पाळा. वायरीचा जोड कधीही पत्र्याआड, पॅनलआड किंवा सिमेंटखाली गाडायचा नाही. चौकटीमुळं भिंत दोन-तीन इंच पुढं येते, जुनी वायर कमी पडते, आणि मग वीतभर तुकडा जोडून टेप गुंडाळून पत्र्यामागं ढकलून देतात. टेपचा गोंद आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात सुटतो. मग पावसाळ्यात उघडा जोड आणि लोखंडी पत्रा यांच्यात काय अंतर राहिलं?

वायर कमी पडत असेल तर मागच्या बोर्डापासून नवीन ओढा. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची, तीन वायरींची. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. ती पाइपातून घ्या आणि टोकाला वीतभर जादा सोडा. जोड करायचाच तर बाहेरच्या पेटीत, कनेक्टरच्या स्क्रूखाली, जिथं झाकण खोललं की दिसेल.

आणि वायर पेटीत शिरताना वरून सरळ घालू नका. पाणी वायरीच्या अंगावरून ओघळत येतं, जसं शिडीवरून माणूस उतरतो तसं. वायर आधी पेटीच्या खाली न्यायची आणि मग वर वळवून खालच्या भोकातून आत घ्यायची. त्या वळणाच्या बुडाशी थेंब गळून पडतो. डिश अँटेनावाले, कॅमेरेवाले सगळ्यांनाच हे सांगा.

बाजारात वॉटरप्रूफ म्हणून जे फ्लडलाइट मिळतात त्यांच्याबाबत एक फसगत नेहमी होते. दिव्यावर आयपी ६५ लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात जात नाही, ५ म्हणजे पिचकारीसारखं चारी बाजूंनी मारलेलं पाणी सोसतो. झडीच्या भिंतीवर हाच घ्यावा. ओसरीच्या आत, जिथं नुसते तुषार येतात, तिथं आयपी ४४ पुरतो. आयपी २० म्हणजे घरातला दिवा, तो बाहेर लावूच नये. आता फसगत अशी की दिवा वॉटरप्रूफ असतो, पण त्यातून वीतभर वायर बाहेर आलेली असते आणि तिचा घराच्या वायरीशी जोड उघड्यावर टेपानं मारलेला असतो. आयपी ६५ तो जोड धरून नसतो, दिव्यापुरताच असतो. जोडाला त्याची स्वतःची बंद पेटी पाहिजे, रबराच्या रिंगेसकट.

शक्यतो प्लास्टिकच्या बॉडीचा दिवा घ्या. धातूचा असेल तर हिरवी वायर त्याच्या बॉडीला जोडलीच पाहिजे, कापून टेप मारून ठेवायची नाही. पत्र्याच्या चौकटीलाही अर्थिंग द्या, पण आधी घराची अर्थिंग जिवंत आहे का हे वायरमनकडून मोजून घ्या. कित्येक घरांत अर्थिंगची तार खांबाजवळ तुटून वर्षं झालेली असतात. तशा मेलेल्या अर्थिंगला पत्रा जोडला, तर फ्रिजमधला दोष पत्र्यात यायचा.

सिलिकॉन खालच्या बाजूला लावू नका

दिवा बसला की त्याच्या कडेनं सिलिकॉन भरायचं. वरून आणि दोन्ही बाजूंनी, पण खालची बाजू मोकळी. लोकांना हे पटत नाही. "मग पाणी शिरेल की खालून." पाणी खालून वर चढत नाही, झडीचंही फार कमी चढतं. पण कितीही भरलं तरी कुठून तरी थोडं पाणी जातंच, शिवाय रात्रीच्या गारव्यानं आतल्या हवेचं दव होतं. खालची बाजू बंद केली तर ते पाणी आतच साठतं आणि दिवा म्हणजे भरलेली वाटी होते. काही दिव्यांच्या बुडाला कारखान्यातूनच बारीक भोक असतं. ते बुजवू नका.

पीव्हीसी पॅनल लावणाऱ्यांसाठी वेगळी एक गोष्ट. हे पॅनल उन्हानं लांब होतं, थंडीनं आखडतं. दिव्याचा स्क्रू पॅनलमधून घट्ट आवळला तर ते तिथंच फुगतं किंवा चिरतं. म्हणून पॅनलचं भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा आणि स्क्रू मागच्या ठोकळ्यात आवळा. मोठ्या वॉटचा फ्लडलाइट पॅनलला चिकटवून लावू नका, पाठीमागं तो चांगलाच तापतो.

टाइल्सचं म्हणाल तर जाडी वाढल्यानं भिंतीतली जुनी पेटी खोल जाते आणि जुने स्क्रू पोचत नाहीत. लांब स्क्रू आणा. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर तडा गेलाच. आणि मिस्त्रीला ताकीद द्या, वायरीचं टोक सिमेंटमध्ये बुडवू नको म्हणून.

मीटरला हात लावायचा नाही

त्याच भिंतीवर मीटर असेल तर तो पत्र्याआड घेऊ नका आणि स्वतः सरकवूही नका. मीटर आणि खांबापासून आलेली वायर हे महावितरणचं काम, सील तोडलं तर वरून दंडाची भानगड. जवळच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या किंवा १९१२ ला फोन करा. खांबावरून येणारी वायर पत्र्याच्या कडेला घासत असेल तर ते आजच सांगा, कारण ती तुमच्या मेन स्विचच्या आधीची लाइन आहे. मेन बंद करून ती बंद होत नाही, आणि घरातली आरसीसीबीही तिथं काही करू शकत नाही.

कपड्याची तार पत्र्याला किंवा त्याच्या चौकटीला बांधू नका. नायलॉनची दोरी घ्या.

आणि कुणी चिकटलंच तर त्याला हातानं ओढायला धावू नका. आधी मेन, सोबत इन्व्हर्टर. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं, कोरड्या जागेवर उभं राहून बाजूला करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं लगेच सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. माणूस उठून बसला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्या.

सगळं झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर वायरमनला एकदा बोलावून पत्रा आणि अर्थिंग यांच्यात मीटरनं मोजून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. आणि तो भिंतीचा फोटो मोबाईलमधून उडवू नका, घरातल्या आणखी दोघांना पाठवून ठेवा. दिवाळीला कुणीतरी आकाशकंदिलासाठी त्या पत्र्यात खिळा मारायला निघेल, तेव्हा त्याला आधी तो दाखवा.